आठ केबीतली रांग

त्या मशीनची मेमरी सहाशे चाळीस केबी होती. आज माझी मुलगी फोनवर काढते तो एक फोटोही तिच्यात मावणार नाही. मला मात्र ती कधी अपुरी वाटली नाही, कारण मी हिशेब करून पाहिला होता. एका केबीत एक हजार चोवीस अक्षरं बसतात. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि नंबर मिळून चाळीस अक्षरं धरली तर दोनशे गाड्यांची आठ हजार होतात. म्हणजे जिनिंगच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत उभी असलेली कापसाच्या गाड्यांची रांग आठ केबीत बसत होती. त्या आठ केबींसाठी एका माणसाचं डोकं फुटलं आणि माझ्या उजव्या हाताला टाके पडले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाहेर व्यापारी कापसाला हात लावत नव्हते, लावला तर भाव पाडून. म्हणून सगळ्या गाड्या सरकारी खरेदी केंद्रावर. आमचं केंद्र आर्णी रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या आवारात होतं आणि मी तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर.

कॉम्प्युटर मी यवतमाळला एका क्लासमध्ये शिकले. तिथल्या सरांकडे एक फार जुनं घरगुती मशीन होतं. ते साध्या टीव्हीला जोडायचं आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात प्रोग्राम भरायचा. कॅसेट सुरू झाली की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज यायचा आणि तो आम्ही सगळ्यांनी कानात बोटं घालून ऐकायचा. मधेच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. सर म्हणायचे, "जगात लोकांच्या घरात कॉम्प्युटर शिरला तो असाच. सोळा केबीचा. चालू आहे तोवर शहाणा, बंद केला की कोरा." रॅम म्हणजे काय ते मला त्या एका वाक्यात कळलं. जे कायम ठेवायचं ते कॅसेटवर नाहीतर फ्लॉपीवर लिहायचं. तोवर ते फक्त विजेच्या भरवशावर असतं.

केंद्रावरचं मशीन त्याच्यापेक्षा बरं होतं, पण त्याची हार्डडिस्क मी येण्याआधीच गेली होती. ते दोन फ्लॉप्यांवर चालायचं. एकीवर डॉस आणि आमचा प्रोग्राम, दुसरीवर याद्या. फ्लॉपीवर लिहायला मशीन वेळ घ्यायचं आणि तेवढ्यात खिडकीवर बोंब व्हायची. म्हणून ग्रेडर साहेबांनी, म्हणजे कापसाची प्रत ठरवणाऱ्या आमच्या केंद्रप्रमुखांनी, नियम करून टाकला होता की सगळी यादी टाईप झाल्यावर एकदाच सेव्ह करायची. कागदी टोकनंही त्यांनीच बंद केली होती, कारण ती चहाच्या टपरीवर विकली जात होती. नंबर फक्त मशीनमध्ये.

त्या दिवशी सकाळपासून मी एकेकाला खिडकीवर बोलावून नाव घालत होते. यादी संपत आली तेव्हा साहेबांनी माईकवर सांगितलं की गोदामात जागा नाही, आज फक्त पहिल्या चाळीस गाड्या होतील, मग दोन दिवस केंद्र बंद.

मागच्या बाजूला एक आवाज उठला, "त्या बाईनं मशीनमधी नंबर फिरवले. माह्या मांगचा पुढं कसा गेला बे?"

नंबर फिरवले नव्हते. पण रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाला ते पटवून काय उपयोग होता? यादी मोडली तर जो आधी घुसेल तो पहिला, एवढं त्यांना बरोबर कळत होतं. तीसेक माणसं आमच्या खोलीकडे आली. बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, कडेला उभ्या खोचलेल्या लाकडी उभाऱ्या त्यांनी उपसून हातात घेतल्या होत्या. साहेब मागच्या दाराने गेले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना तोवर बाहेरून दोन दगड लागले होते.

पहिल्या नंबरचा माणूस आमच्या पायरीवरच बसलेला असायचा. साठीचा, काटक, बोलायला तिखट. तो उठून दारात आडवा झाला.

"कुठी चाल्ला बे?"

"सरक म्हाताऱ्या. तुले काय करा लागते?"

"माहा नंबर आत हाय. मशीन फोडाचं असन तं आधी मले फोडा."

"मंग घे," म्हणून एकाने उभारी फिरवली. पहिला घाव खांद्यावर बसला. तो पडला नाही, त्याने चौकट धरून ठेवली. दुसरा कानाच्या वर बसला. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि तो माझ्या खोलीच्या आत उताणा पडला. पडलेल्या माणसाला चौघांनी लाथा मारल्या. एकजण म्हणत होता, "पुरे करा रे, मरन तो," आणि तोच लाथ मारत होता.

बाहेर कुणीतरी मीटरच्या पाटीवरचा मेन स्विच ओढला. पंखा थांबला. टेबलाखालचा यूपीएस टूं टूं करू लागला. त्याची बॅटरी जुनी होती, पाच-सहा मिनिटांच्या वर ती कधी गेली नव्हती. सगळी रांग त्या क्षणी रॅममध्ये होती, फ्लॉपीवर तिचं एक अक्षर नव्हतं.

उभारीवाला टेबलापाशी आला. लाल चौकडीचा शर्ट, दाढी वाढलेली. मला म्हणाला, "हो बाजूले वं बाई, तुह्यावर हात नाही टाकत." मी बाजूला झाले नाही. त्याने माझ्या डोक्यावरून उभारी मॉनिटरवर घातली. दुसऱ्या घावाला काच आतल्या बाजूला फुटली, बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि काचेचे तुकडे माझ्या हातात आणि कपाळात घुसले.

"गेले नंबर," तो बाहेर ओरडून म्हणाला. "टीव्ही फोडला."

बाहेर आरोळी उठली. सगळे फाटकाकडे पळाले. त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे तो टीव्ही. आमच्या कार्यालयातले अर्धे लोकही तेच समजायचे. टेबलाखालच्या पेटीचा हिरवा दिवा चालू होता, तिचा पंखा फिरत होता. तिला कुणी लाथही मारली नाही.

मी खाली वाकून पाहिलं नाही. कुणी परत वळलं असतं तर त्याने माझी नजर पाहिली असती. कीबोर्ड काचांनी भरला होता. तो उलटा करून झटकता येत नव्हता, एखादी कळ दाबली गेली असती. पडद्याशिवाय काय विचारलं जातंय ते दिसणार नव्हतं, पण प्रोग्राम नेहमी एकाच क्रमाने विचारायचा. एफ-टू. फाईलचं नाव. एंटर. आदल्या दिवसाची जुनी फाईल आहे, तिच्यावर लिहू का? वाय. एंटर. बोटातून रक्त येत होतं आणि कळा निसरड्या झाल्या होत्या. मी प्रत्येक कळ तोंडाने म्हणत दाबली. यूपीएसची टूं टूं आता सलग होऊ लागली होती. दारात पडलेला माणूस घोरल्यासारखा श्वास घेत होता.

मग फ्लॉपी फिरू लागली. कर्र, कर्र, थांबली, पुन्हा कर्र. ती थांबल्यावर मी खटका दाबून फ्लॉपी काढली, ब्लाउजच्या आत ठेवली आणि मग त्या माणसाजवळ गेले. थोड्या वेळाने यूपीएस बंद पडला.

फाटकावर तोवर बंड्या बंड्यांवर चढल्या होत्या. एका बैलाचा पाय मोडला. कोयते निघाले. पोलीस आले तेव्हा लाठ्यांखाली पुढचे आणि मागचे सारखेच आले. पहिल्या नंबरच्या माणसाला यवतमाळला नेलं. तो वाचला, पण कानावर घाव बसला त्या बाजूच्या डोळ्याने त्याला पुन्हा दिसलं नाही.

केंद्र उघडलं तेव्हा मी क्लासमधून एक मॉनिटर मागून आणला होता. फाईल उघडली. सगळी नावं होती. शेवटच्या गावाच्या नावापुढे तीन निरर्थक अक्षरं होती, एवढंच. मी माईकवर यादी वाचायला घेतली. पहिली गाडी त्या माणसाचा भाऊ घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी यादीच्या तळाजवळ पोचले. एक नाव वाचलं आणि रांगेतून लाल चौकडीचा शर्ट पुढे आला. खिडकीवर दोनशे माणसं नाव सांगून गेली होती, कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं हे मला ठाऊक नव्हतं. पोलिसांनाही मी नाव देऊ शकले नव्हते. कापूस भरलेली बंडी टाकून त्याला कुठे जाता आलं नव्हतं, म्हणून तो गप्प उभा राहिला होता. आता माझ्याच आवाजात त्याचं नाव सगळ्यांना कळलं, आणि हाच तो हेही.

कापूस मोजून झाल्यावरही रोज येऊन रांगेवर नजर ठेवणाऱ्या पहिल्या माणसाच्या भावाने त्याला जुवापासून खेचलं. मग त्याच्यावर किती जण होते ते दिसेना. तो पोटाशी गुडघे घेऊन पडला होता आणि त्याच्या तोंडावर टाच पडत होती. पोलीस फाटकाबाहेर होते. साहेब म्हणाले, "पुढचं नाव वाचा, म्हणजे रांग सरकेल."

मी माईकवर म्हटलं, "ही गाडी काट्यावर आल्याशिवाय पुढचा नंबर वाचणार नाही."

"ह्यानंच तं तुहा टीव्ही फोडला वं," कुणीतरी म्हणालं.

"फोडला. नंबर त्याचाच आहे."

"आमी उन्हात उभे राहाचं काय ह्याच्यापायी?"

मी माईक टेबलावर ठेवला आणि पडद्यावरच्या यादीवर हात ठेवून बसले. आणखी दोन-तीन लाथा बसल्या. मग एकाने त्याला काखेत हात घालून उठवलं, त्याच्या हातात कासरा दिला आणि बाकीच्यांना म्हणाला, "सोडा बे आता, वाट द्या." दया आली असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. त्याची बंडी ह्याच्या मागेच उभी होती. पुढचा नंबर त्याचा होता.