हळदीच्या फडक्यावरचं लेकरू

हळद शिजवायचे दिवस. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगतच्या त्या गावात अंगण, सुपं, बायांचे हात, सगळंच पिवळं झालेलं. गावची आशाताई शिवकन्या बाळंतिणीला बघायला सखुबाईच्या घरी आली, तेव्हा सून वैष्णवीचं लेकरू अंगावर प्यायचं सोडून नुसतं निजून होतं. पाचवीचा दिवस, म्हणून सखुबाईनं नातवाला हळदीत भिजवून वाळवलेल्या फडक्यावर ठेवलं होतं.

कावीळ तर नसंल? शिवकन्येनं वाकून बघितलं. पण एवढ्या पिवळ्यात स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा बसेना. सखुबाईला लेकराचं डोकं धरायला लावून तिनं फोटो काढला, डॉक्टरांना पाठवला. रंग बरा दिसतोय, उत्तर आलं; तरी लक्ष ठेवा. घरातल्यांचा जीव भांड्यात पडला.

सखुबाई फोनात डोकावली. "तुज्या फोननं माझे हात धुऊन काढले गं. इतके गोरे तं माझ्या लग्नातबी नव्हते."

सगळे हसले. शिवकन्येचं हसू मात्र ओठांवरच राहिलं. समोर पिवळंच पिवळं दिसल्यावर फोननं आपल्या मनानं रंग सावरला होता. हळदीचे हात उजळले, तसं लेकराचं पिवळेपणही पुसलं गेलं असणार.

तिनं लेकरू दाराशी उजेडात आणलं, वैष्णवीच्या सासऱ्यांच्या, तातेरावांच्या, धुतल्या धोतरावर ठेवलं. छातीवर बोट दाबून उचललं. खाली पिवळं. तळपायही पिवळे. दुसरा फोटो जाताच डॉक्टरांचा फोनच आला: थांबू नका, हिंगोलीला न्या.

सखुबाई दारात आडवी आली. आज सटवाई लेकराच्या कपाळी नशीब लिहायला येते, तिनं घर रिकामं बघितलं तर? पूजा होऊ द्या, सकाळी नेऊ. याच धाकानं शिवकन्येनंही आपली लेकरं पाचवीला घराबाहेर काढली नव्हती.

भिंत धरून वैष्णवी उठली. "आत्याबाई, सटवाईला दवाखान्याचं दार गावत न्हाई का?"

सखुबाई बाजूला सरली. तातेरावांनी हळदीची पोती तशीच ठेवून टेम्पो काढला. वाटभर शिवकन्या लेकराच्या मुठीत बोट देऊन बसली. मूठ सैल पडली की ती त्याच्या तळपायाला टिचकी मारायची.

दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या उजेडाखाली ठेवलं. तिन्हीसांजेला सखुबाई हळदकुंकू, कोरा कागद, पेन पदराखाली घेऊन आली. बाकड्यावर पूजा मांडणार, तेवढ्यात नर्सनं दार उघडलं. सखुबाईच्या हातातलं कुंकू हातातच राहिलं.

"पिलं का वो?"

"आत्ताच. थोडंसं."

सखुबाईनं बाकड्यावर कोरा कागद मांडला, त्यावर पेन ठेवलं.