मू सूलियनचा लाल दोरा

चीनमधल्या आमच्या लोंगशीच्या बाजारात ह्वांगछीच्या औषधी मुळांचं पोतं मू सूलियनने चाखल्याशिवाय कोणी उचलत नसे. मूळ मोडायचं, दाढेखाली धरायचं, कच्च्या मटाराचा वास आणि मागून गोडवा आला की पोत्याच्या तोंडाला लाल दोरा बांधायचा. एकतीस वर्षं हेच तिचं काम. माझं दुकान तिच्या शेजारीच, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला कोंबडीच्या रश्श्यात हीच मुळं घालून देतात. अलीकडे कारखानेवाल्यांना त्यांचा शोध लागला. मुळं उकळून आतली चिकट साखर काढायची आणि रोगाशी लढायची ताकद वाढवते म्हणून डबीत भरून शहरात विकायची. तिला ते पॉलिसॅकराइड म्हणतात. विकोत बापडे, माझं काही म्हणणं नाही. पण उरलेला चोथा जनावरांनाही कोणी घालत नाही, तो फू देशान नावाच्या व्यापाऱ्याने वाळवला, गंधकाची धुरी देऊन उजळवला आणि नवीन मुळं म्हणून बाजारात आणला. आणला तो थेट सूलियनकडेच, आणि तिने पोत्यांना दोरा बांधला.

तिच्याकडेच का, ते आम्हाला उशिरा कळलं. गेल्या हिवाळ्यातल्या तापात तिची चव गेली होती आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पण एका लग्नात व्हिनेगर न घातलेल्या शेवया तिने मुकाट्याने संपवल्या. आमच्याकडे व्हिनेगरशिवाय शेवया कोणाच्या घशाखाली उतरत नाहीत, आणि तेव्हा समोर फू बसला होता.

पुढे तिची थोरली बहीण कॅन्सरचे उपचार घेऊन घरी आली. सूलियनने आपल्याच दोऱ्याच्या पोत्यातली मुळं निवडून रस्सा केला. महिनाभर रोज. एक दिवस बहिणीने वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "तू हल्ली चाखतेस, की नुसतीच चावतेस?"

सूलियन रात्रभर रडली असेल, मला माहीत नाही. सकाळी ती कोळशाची शेगडी घेऊन फूच्या पोत्यांसमोर येऊन बसली. एका पातेल्यात त्याची मुळं, दुसऱ्यात माझ्या भावाच्या शेतातली. उकळी आली तशी ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात दोन्ही वाट्या देऊ लागली. फूच्या मुळांची वाटी चवीला नुसतं गरम पाणी.

फू हसत म्हणाला, "मावशी, दोरा तुमचाच आहे ना?"

तो गप्प बसेल असं मला वाटलं होतं, इतका निर्लज्ज निघेल असं नव्हतं. सूलियनने त्याच्याच मुळांची वाटी भरून त्याच्यासमोर धरली. कबूल केलं तर पोटावर पाय येणार, हे तिलाही कळत होतं.

"माझाच. माझी जीभ हिवाळ्यापासून मेलीय. मी लपवलं, तू ओळखलंस. आता ही वाटी पी आणि सगळ्यांना चव सांग."

तो प्यायला नाही. पोती उचलून गेला. त्याला कोणी अडवलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

आता सूलियनकडे एकही पोतं येत नाही. ती माझ्या दुकानात बसून मुळांची माती झटकते. फू पलीकडच्या तालुक्यात तोच चोथा विकतो. पोत्यांना लाल दोरा असतो म्हणे, आणि गाठ हुबेहूब तिच्यासारखी.