मामेसासऱ्यांचा शिडाचा क्लब

समुद्राविषयी सर्वांत जास्त बोलणारा आणि समुद्र सर्वांत कमी पाहिलेला माणूस रत्नागिरीत शोधायचा झाला, तर फार हिंडावं लागणार नाही. माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, भाट्याच्या खाडीकाठी माडांखाली एक उपडी होडी घासत बसलेले सापडतील. मामांनी उभी हयात मालवाहू जहाजांवर काढली, पण ती इंजिनरूममध्ये, पाण्याच्या पातळीच्या खाली. सिंगापूर कसं आहे विचारलं तर म्हणतात, "दमट." रॉटरडॅम कसं आहे, तर "तिथं डिझेल बरं मिळतं." निवृत्त होऊन घरी आल्या आल्या त्यांनी इंजिन या वस्तूशी कायमचं वैर धरलं आणि गावातली चार उत्साही मंडळी गोळा करून शिडाच्या होड्यांचा क्लब काढला. क्लबाकडे होडी एकच होती, तीही कुणीतरी टाकून दिलेली. पण अनेकवचनाने भारदस्तपणा येतो, असं मामांचं मत पडलं.

या क्लबात मी दाखल झालो तो समुद्राच्या ओढीने नव्हे, बायकोच्या धाकाने. रविवारी पंख्याखाली लोळण्याचा माझा एकमेव छंद तिच्या डोळ्यांवर आला होता. क्लब संपूर्णपणे स्वयंसेवकांनी चालवलेला, म्हणजे मामांनी बोलायचं आणि स्वयंसेवकांनी राबायचं. प्रवेशाआधी माझी रीतसर मुलाखत झाली. "पोहायला येतं?" मामांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हणालो. "मग तुझा काय उपयोग, मेल्या? पोहता येणारा माणूस होडीला जपत नाय. बुडाली तर बुडाली, मी आपला निघालो, असं असतं त्याच्या मनात. नायतर हा बघ!" असं म्हणून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांना पोहता येत नव्हतं, आणि केवळ या एका गुणावर ते क्लबाचे उपाध्यक्ष झाले होते. मला नात्यामुळे सूट मिळाली. शिडाचे दोर कसे ओढायचे, वारा कसा ओळखायचा, अशी स्वप्नं रंगवत मी पहिल्या रविवारी गेलो, तर माझ्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा ठेवण्यात आला. त्यानंतर कित्येक महिने माझं नौकानयन त्या तुकड्यावरच झालं. मी घासायचो, डॉक्टर घासायचे, मग मामा डोळे मिटून फळीवरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "इथं काय अडकतंय?" आम्हाला काहीच अडकलेलं दिसत नसे. डॉक्टर तर आता पेशंटलाही "आ करा" म्हणण्याआधी गालावरून हात फिरवतात, अशी गावात बोलवा आहे.

जहाजावरच्या शिस्तीचं वारं मामांच्या अंगातून गेलेलं नाही. त्यांनी आम्हाला पहारे लावून दिले होते. होडी जमिनीवर होती, ओंडक्यांवर बांधून ठेवलेली, आणि अंगावर नारळ पडण्यापलीकडे तिला कसलाही धोका नव्हता. तरी पहारा बदलताना एकाने "सगळं ठीक" असं ओरडून सांगायचं आणि दुसऱ्याने ते ओरडून परत म्हणायचं. ओरडायचं अशासाठी, की इंजिनांच्या धडधडाटात मामांचे कान गेलेले. त्यामुळे आपण सोडून सगळं जग पुटपुटतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. कमिटीतल्या एकाविषयी त्यांनी एकदा माझ्या कानात गुप्तपणे काही सांगितलं, ते त्या गृहस्थांनी भाट्याच्या पुलावरून जाताना ऐकलं आणि राजीनामा दिला. यंत्राचं दुखणं मात्र त्या कानांना बरोबर कळतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते ऐकत बसतात. आमच्या मिक्सरचं बेअरिंग त्यांनी असंच पकडलं. माझ्या लग्नात नवऱ्या मुलाच्या छातीलाही त्यांनी तो लावून पाहिला होता, पण निष्कर्ष काय निघाला ते अजून कुणी मला सांगितलेलं नाही.

या सगळ्या गडबडीत मामी कमी बोलत. मामा बोटीवर असताना त्यांनी संसार एकटीने ओढला. मुलीचं शिक्षण, सासूचं आजारपण, घरावरची कौलं, सगळं. त्या बदल्यात त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "इकडून समुद्र पुष्कळ बघितला हो," त्या म्हणायच्या, "तिकडून आपलं गाव नि घर कसं दिसतं, ते एकदा बघायचंय." मामांनी "होडी होऊ दे" असं सांगून ठेवलं होतं. होडी कधीच झाली असती. पण सगळं जुळत आलं, की मामांच्या तळहाताला काहीतरी अडकायचं आणि पुन्हा पॉलिश पेपर निघायचा. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मामींची नजर हळूहळू जाणार, ऑपरेशनचा उपयोग नाही, जे बघायचंय ते बघून घ्या. त्या रविवारी मामा आले, त्यांनी होडीवरून हातसुद्धा फिरवला नाही, आणि म्हणाले, "पाण्यात घालायची." बास, एवढंच. त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढचं सगळं कमिटीने केलं, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना यावी. प्रमुख पाहुण्यांना शनिवारी सकाळी अकरा वाजता सवड होती, म्हणून शनिवारी सकाळी अकराची वेळ ठरली. मांडव आला, माइक आला, समुद्राला वाहायचा नारळ आला, कमिटीच्या अध्यक्षांनी भाषण पाठ केलं. आता, रत्नागिरीत मासळी आणायला पिशवी घेऊन निघालेला माणूससुद्धा आधी तिथी बघतो आणि पाण्याचा हिशेब करतो. पुनवेला दुपारकडे भरती, अष्टमीला त्याच वेळी सुकती, म्हणजे ओहोटी, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. क्लबातही ते सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी बघितलं असणार, अशी प्रत्येकाची खात्री होती. कोजागिरीनंतरची अष्टमी होती. नवी साडी नेसून आलेल्या मामींना खुर्चीसकट उचलून आम्ही होडीत बसवलं, सगळ्यांनी मिळून होडी उतारावरून ढकलली, टाळ्या झाल्या, आणि होडी सुमारे दहा हात घसरत जाऊन चिखलात रुतून उभी राहिली. खाडी पार पलीकडे गेली होती. मधल्या चिखलात कुर्ल्या नांग्या उगारून तिरप्या फिरत होत्या. माइक चालूच होता, पण तो सोडून सगळे काठाशी धावले. होडीतून मामींनी विचारलं, "अहो, पाणी कुठाय?"

मामा पांढरेफटक पडले. "पाणी बघायचं काम वरच्यांचं," ते पुटपुटले. "आम्ही खाली असायचो. वरून घंटा आली, की इंजिन सुरू. पाणी मी कधी बघितलंच नाय गो." पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना दुसरा कार्यक्रम आठवला. कमिटीने मांडवातच एकमेकांना दोष द्यायला सुरुवात केली, आणि त्यात मात्र तिचं कौशल्य वादातीत होतं. मी मामींना उतरवायला गेलो, तर त्यांनी होडीची कड घट्ट धरली. "मी उतरणार नाय. आज उतरले, तर हे पुन्हा घासायला बसतील. मला तेवढी सवड नाय रे." मग मामांकडे बघून म्हणाल्या, "तुमची वाट बघण्यात जन्म गेला, पाण्याची चार तास बघीन. या, बसा वर." मामा गुडघाभर चिखलातून गेले आणि बायकोशेजारी जाऊन बसले. आम्ही काठावरून डबे पोचवले. त्या दुपारी ती दोघं चिखलातल्या होडीत छत्री धरून बसली होती. मामी बोलत होत्या आणि मामा, ज्यांना काही ऐकू येत नाही, ते मान वाकवून ऐकत होते. मला त्यांचा फार हेवा वाटला.

चारच्या सुमारास पाण्याने होडी अलगद उचलली. वारा समोरून होता, म्हणून शिडाच्या क्लबाची पहिली सफर दातांच्या डॉक्टरांनी आणि मी वल्ही मारत काढली. खाडीच्या मुखाबाहेर आल्यावर मामांनी होडी वळवायला लावली. उन्हं उतरलेली होती. किल्ला, दीपगृह, मांडवीचा धक्का, मागचे माड, सगळं पिवळ्या उजेडात स्वच्छ उभं होतं. मामी डोळे बारीक करून किती तरी वेळ बघत राहिल्या. "आणि आपलं घर?" मामा गडबडले. घर टेकडीच्या पलीकडल्या अंगाला आहे, कुठल्याही पाण्यावरून ते दिसायचं नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग टेकडीवरच्या एका ठिकाणी बोट रोखलं. "ते काय, तिथं." मामींनी त्या बोटाच्या रोखाने बघितलं. "दिसलं हो," त्या म्हणाल्या.

आता मामींना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. भरती सोयीची असेल त्या रविवारी मामा त्यांना घेऊन जातात, आणि सुकाणूवर मी असतो. मामा दिसेल ते ओरडून सांगतात. गेल्या खेपेला म्हणाले, "आपल्या दारात निळी साडी वाळत घातलीय बघ." मामी हसून म्हणाल्या, "माझीच ती. सकाळी घातली मी." मी टेकडीकडे बघितलं, सुकाणूचा दांडा जरा घट्ट धरला आणि होडी त्या दाराच्या रोखाने ठेवली.