पानमळ्याबाहेरच्या चपला

मंडी मोहल्ल्यातून आणलेल्या विड्याच्या पानांचा वास गाडीभर पसरला होता. इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि वडिलांची, अप्पांची, आठवण आली. म्हैसूर शहर इथवर पोचलं नव्हतं तेव्हा इथे आमचा पानमळा होता. मळ्यात कुणी चपला घालून जात नसे. मळा विकल्यावर मोजणीवाले बूट घालूनच आत शिरले. मी अडवायला धावलो, तर अप्पा कानडीत म्हणाले, "बिडु", म्हणजे जाऊ दे, "आता त्यांचंच आहे." आणि स्वतः मात्र रोजच्यासारख्या बांधावर चपला काढून, वेलींखालच्या गार चिखलातून त्यांच्या मागे अनवाणी गेले.

तेव्हा मी रडलो होतो. आता काहीच वाटत नाही.

लिफ्टमध्ये पुण्याहून आलेले शेजारी म्हणाले, "अहो, चपला कुठे?"

मी खाली पाहिलं. पाय अनवाणी होते.