घरीच असते

“काम करता का काही?”

“नाय ओ मॅडम. घरीच असते मी,” सुमनबाई म्हणाल्या. परातीतली कणीक त्या दोन्ही हातांनी तिंबत होत्या. मागं भिंतीशी स्टीलच्या डब्यांची चळत होती. मोठं कुटुंब दिसतंय, असं मनात म्हणत मी फॉर्मवर ‘रोजगार : नाही’ लिहिलं आणि वस्तीतल्या पुढच्या दाराकडे वळले.

चिकलठाण्यातला एक कारखाना दुसरीकडे हलणार होता. त्यापायी शहरात एकूण किती जणांचं काम जाईल, हे काढायचं काम आमच्या छोट्या फर्मकडे आलं होतं. आमच्या अर्थशास्त्रात गावातल्या नोकऱ्यांचे दोन गट पाडतात. बाहेरगावी विकला जाणारा माल बनवणाऱ्या नोकऱ्या ‘बेसिक’, कारण बाहेरचा पैसा त्यांच्यामुळे गावात येतो. तो पैसा मग ज्यांच्या हातांतून फिरतो ते चहावाले, शिंपी, रिक्षावाले ‘नॉन-बेसिक’. एकूण नोकऱ्यांना बेसिक नोकऱ्यांनी भागलं की येतो तो मल्टिप्लायर. म्हणजे कारखान्यातली एक नोकरी गेली, तर तिच्यासकट किती जातील. भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. मोजणीत मात्र भलेभले आपटतात.

या मोजणीवर बरंच काही अवलंबून होतं. अहवालात ज्या व्यवसायांची नोंद होईल, त्यांनाच सरकारी ऑफिस दुसऱ्या औद्योगिक वसाहतीत धंद्यासाठी गाळे देणार होतं.

अहवाल गेला. आठवड्यानं एका राहिलेल्या सहीसाठी मी कारखान्यावर गेले, तेव्हा जेवणाचा भोंगा झाला होता. गेटवर एक रिक्षावाला डबे उतरवत होता. डबे ओळखीचे वाटले.

“कुठून आणता हे?”

“वस्तीतून. सुमनताईचे हायेत. साठ डबे. चार बाया राबतात पहाटेपासून.”

ऑफिसात येऊन फॉर्म उलगडले. त्या वस्तीत घरामागून घर एकच उत्तर होतं, ‘घरीच असते’. काम म्हणजे गेटच्या आत जाऊन करायचं ते, असंच त्या बायकांना आजवर सगळ्यांनी सांगितलेलं. चुलीपुढच्या कामाला त्या तरी काम कशाला म्हणतील? पण मी म्हणायला हवं होतं. मला पगार त्याचाच होता.

आमचे बॉस कुलकर्णी सर. त्यांच्यापुढे फॉर्म ठेवले.

“सर, मल्टिप्लायर कमी आलाय. डबेवाल्या बायका मोजल्याच नाहीत.”

“अहवाल मीटिंगमध्ये मंजूर झालाय.”

“दुरुस्तीचं पत्र देऊ.”

“आणि त्यात लिहू काय? बायका आम्हाला दिसल्या नाहीत?”

“तसंच झालंय, सर.”

सरांनी फॉर्म एकेक करून चाळले. मग म्हणाले, “लिही.” पत्र गेलं. गाळ्यांची यादी अंतिम झाली आहे, असं सरकारी ऑफिसचं एका ओळीचं उत्तर आलं.

कारखाना बंद झाल्यावर मी सुमनबाईंकडे गेले. डबे घासूनपुसून पालथे घातलेले होते.

“आमचं नाव नाय म्हणं यादीत,” त्या म्हणाल्या.

“चूक माझी आहे, सुमनबाई.”

“तुमची कशी? मीच सांगितलं ना, घरीच असते म्हणून.” त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. “आता खरंच घरीच असते.”



माझ्या फॉर्मवर आता ‘काम करता का?’ हा प्रश्न नाही. ‘सकाळपासून काय काय केलं?’ असं विचारते आणि समोरची बाई थांबेपर्यंत लिहीत राहते. वेळ दुप्पट लागतो. परवा त्या गाळ्यांवरून गेले. दोन गाळे अजून कुलूपबंद आहेत. यादीतलं कुणी तिथं आलंच नाही.