आतल्या खोलीतली डेहरी

माझी नोकरी नेमकी कसली आहे हे घरी कुणालाच नीट सांगता येत नाही. आई शेजारच्यांना सांगते, शेतकऱ्यांच्या कसल्याशा ऑफिसात आहे. ते फारसं चूकही नाही. आमची संस्था छोट्या शेतकऱ्यांसाठी धान्य साठवायच्या, वाळवायच्या, निवडायच्या नव्या कल्पना शोधते आणि त्या करून बघायला पैसे देते. कल्पना कुणाचीही चालते, लोहाराची, कॉलेजातल्या मुलांची, बायकांच्या बचत गटाची. पहिला हप्ता लगेच मिळतो, दुसरा समितीने काम बघितल्यावर. मी अर्ज वाचते, त्यांचा इंग्रजीत सारांश लिहिते आणि पाहुण्यांना गावात घेऊन जाते. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं, कारण मी फार बोलत नाही. आमचे सर म्हणाले होते, पाहुण्यांना स्वतःच बोलायला आवडतं.

त्या वर्षी मंजूर झालेल्या कल्पनांमधली एक चाचींची होती. बनारसपासून तासाभरावर असलेल्या एका गावात बायकांचा गट आहे, त्याच्या त्या मुखिया. गावात लहानथोर सगळे त्यांना भौजी, म्हणजे वहिनी, म्हणतात. मला ते जमेना, म्हणून मी चाची म्हणते.

त्या भागात घराघरांत डेहरी असते. आपल्याकडच्या कणगीसारखीच, पण सगळी मातीची, माणसाच्या छातीपर्यंत येणारी. तळ्याच्या मातीत भुसा कालवून बायका ती घरीच थरावर थर चढवत उभी करतात. जाड मातीच्या वाटेला उंदीर सहसा जात नाहीत, पण आत किडे होतातच. बाजारात मिळणाऱ्या हवाबंद पिशवीत किडे मरतात, पण ती पिशवी उंदीर कुरतडतात. चाचींनी पिशवी डेहरीच्या आत घातली. एवढीच कल्पना. आत मटारचं बियाणं, पिशवीचं तोंड पीळ देऊन बांधलेलं, वर झाकण आणि झाकणाच्या कडेने ओल्या मातीचं लिंपण. दाण्यातले किडे आतली हवा वापरून संपवतात आणि मग श्वास घ्यायला काही न उरल्याने मरतात.

मटारचं बियाणं होळीनंतर भरायचं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरायचं. मध्ये सगळा उन्हाळा आणि पावसाळा. घरचं बी तेवढं टिकत नाही, म्हणून गावातले लोक दर वर्षी दुकानातून विकत आणत. कधी ते चांगलं उगवे, कधी निम्मं शेत रिकामं राही. पहिल्या हप्त्यात चाचींच्या घरी तीन डेहरी भरल्या, दोन ओसरीवर आणि एक आत, सुनेच्या खोलीत. दुसरा हप्ता आला की सबंध वस्तीसाठी पिशव्या येणार होत्या. चाचींच्या शब्दावर वस्तीतल्या बायकांनी उन्हाळ्यातच, तळं आटलेलं असताना माती काढून ठेवली आणि आपापल्या डेहरी घडवून टाकल्या. वैशाखाच्या उन्हात त्या भिंतीला टेकून वाळत होत्या.

कल्पना साधी आणि फोटोत छान दिसणारी, त्यामुळे पाहुणे खूप आले. देणगी देणाऱ्यांच्या ऑफिसातले आले, विद्यापीठातले विद्यार्थी आले, सरांचे कुणी मित्र सहकुटुंब आले. प्रत्येकाला मी बनारसच्या मैदागिन चौकापाशी गाठायचे, कारण आमचं घर आहे त्या दुर्गाघाटच्या गल्ल्यांत गाडी येत नाही, आणि तिथून घेऊन जायचे. ओसरीवर खाट टाकलेली असे. चहा होई, मग चाची खुरप्याच्या टोकाने लिंपण फोडत, पिशवीचा पीळ सोडत, आणि पाहुणा आत हात घालून मूठभर दाणे बाहेर काढी. हाताच्या तळव्यावर हिरवट-पिवळे दाणे, मागे चाचींचा अर्धा चेहरा, असे फोटो आमच्या वेबसाइटवर अजून आहेत.

बायका आल्या तर आणखी एक गोष्ट होई. आपल्याकडे ओटी भरतात तसं तिकडे घरातून निघणाऱ्या बाईच्या पदरात खोंइछा घालतात. त्यात खरं तर तांदूळ असतो. पण या बायका मटारच्या डेहरीसाठी एवढ्या लांबून आलेल्या, तेव्हा चाचींना मटारच घालावंसं वाटे. दिल्लीहून आलेल्या एक बाई पँट-शर्टमध्ये होत्या. त्यांना ना पदर ना ओढणी, तर चाचींनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्याच ओढणीत त्यांचा खोंइछा भरला. चाचींच्या मोठ्या जाऊबाई खांबाला टेकून हे सगळं बघत असत. एकदा त्या म्हणाल्या, "इतने लोग तो हमारी बहू देखने नहीं आए थे, जितने ये डेहरी देखने आ रहे हैं." सगळे हसले, पाहुणेही हसले. चाचींनी पुन्हा माती कालवली आणि तोंड लिंपून टाकलं.

पाऊस ओसरल्यावर समितीचे अध्यक्ष आले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. दुसऱ्या हप्त्याचं त्यांनी बघून ठरवायचं होतं. चाचींनी ओसरीवरची पहिली डेहरी उघडली, अध्यक्षांनी आत हात घालून मूठभर दाणे काढले आणि सुपात टाकले. दाण्यांना भोकं होती. सूप हलवलं तर पिठासारखी पूड खाली बसली, आणि एक किडा सुपाच्या काठावर चढून आला. दुसऱ्या डेहरीतही तेच.  चाचींनी सूप खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले. अध्यक्ष म्हणाले की प्रयोगात असं होतंच, वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी चहा सबंध प्यायला. परतताना गाडीत त्यांनी मला सांगितलं, पुढच्या बैठकीत हा प्रकल्प थांबवावा लागेल, टिपण तयार ठेव.

मी टिपण लिहायला घेतलं. दोन ओळींत होण्यासारखं होतं. पण वस्तीतून परत येताना गाडीतून दिसलेल्या, भिंतीशी रांगेने उभ्या असलेल्या त्या रिकाम्या डेहरी डोळ्यांपुढून जाईनात. पिशव्या आल्या नाहीत तर होळीला त्यांत नेहमीसारखंच धान्य भरलं जाईल, बी पुन्हा दुकानातून येईल, आणि चाचींना वस्तीत रोज त्याच बायकांना तोंड द्यावं लागेल.

त्या रविवारी आम्ही जेवत होतो. गंगेचं पाणी नुकतंच उतरलं होतं आणि खालच्या गल्लीतून गाळ धुतल्याचा आवाज येत होता. माझ्या धाकट्या भावाने वाढून घ्यायला लोणच्याची मोठी बरणी उघडली तशी आई त्याच्यावर ओरडली. तिच्याकडे मोठ्या बरणीतलं आठवड्यापुरतं लोणचं लहान बरणीत निघतं आणि मोठीला मग कुणी हात लावायचा नाही.

"सारखी सारखी उघडतोस, तिला वारा लागतो. मग बुरशी आली की म्हणशील, आई, मीठ कमी पडलं."

भाऊ म्हणाला, फक्त एक फोड तर घेतली. आई म्हणाली, प्रत्येक जण एक एकच फोड घेतो.

मी जेवायची थांबले. आईने विचारलं, काय झालं, तिखट लागलं का? मी नाही म्हटलं. माझ्या मनात ओसरीवरची खाट होती, खुरप्याचं टोक होतं आणि एकामागून एक पिशवीत जाणारे हात होते. किडे गुदमरायला लागले की आम्ही जाऊन त्यांना श्वास देत होतो. देऊन झाला की फोटो काढत होतो. ओसरीवरच्या दोन्ही डेहरींचं हे झालं. पण तिसरी आत होती, सुनेच्या खोलीत. तिथे परक्या माणसांना कसं नेणार, म्हणून ती कधी कुणी पाहिलीच नव्हती. अध्यक्षांनीही नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. चाची अंगणात उडीद पाखडत होत्या. मी त्यांना आईच्या बरणीचं सांगितलं. त्यांनी पाखडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, त्यांच्याही ते मनात आलं होतं, पण पाहुणा दारात उभा असताना झाकण कसं धरून ठेवणार? मी म्हटलं, आतली डेहरी आत्ता उघडून बघू, दाणे चांगले असले तर मी ते पिशवीत घालून बैठकीत दाखवीन. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"नाही उघडणार. पेरायच्या दिवशी उघडीन."

मी म्हटलं, बैठक त्याच्या आधी आहे. त्या वेळी प्रकल्प थांबला तर पिशव्या येणार नाहीत.  मग त्यांनी सांगितलं की बाहेरच्या दोन्ही गेल्यावर घरात पेरायला एवढंच बी आहे. ते चांगलं आहे की नाही हे त्यांनाही माहीत नाही, रोज रात्री उघडून बघावंसं वाटतं, आणि त्या उघडत नाहीत.

"अब की किसी को मत लाना, बिटिया. तुम भी मत आना."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. निघताना त्यांनी माझ्या ओढणीत तांदूळ घातले, वर हळकुंड.

बैठकीचं माझ्यावर नेहमीच दडपण असतं. मी भिंतीपाशी बसते, लागेल तो कागद पुढे करते. त्या दिवशी चाचींच्या प्रकल्पाचं नाव आलं, सरांनी मला टिपण वाचायला सांगितलं आणि मी ते वाचलं नाही. जे झालं ते सांगितलं. सगळं इंग्रजीत सांगायचं ठरवून गेले होते, शाळेपासून तीच भाषा मला अशा खोल्यांत सुरक्षित वाटते. पण चाचींचं बोलणं सांगायची वेळ आली आणि मी हिंदीवर आले. किती पाहुणे नेले ते सांगितलं, डेहरी किती वेळा उघडल्या गेल्या ते सांगितलं. मी कुठे बघत होते ते आठवत नाही. बहुतेक पाण्याच्या ग्लासाकडे.

एक सदस्य हसत म्हणाले, म्हणजे आम्ही बघायला गेलो म्हणून दाणे किडले. मग आता सगळे प्रकल्प न बघताच पास करू या. दोघातिघांनी हसून साथ दिली. सर माझ्याकडे बघत नव्हते.

अध्यक्षांनी विचारलं, "आतली डेहरी चांगली आहे, हे तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग आम्ही काय करावं असं तुझं म्हणणं आहे?"

मी म्हटलं, पेरणी होऊ द्या. तोपर्यंत निर्णय देऊ नका, आणि कुणी गावात जाऊ नका.

चहाच्या कपांतून चमच्यांचा आवाज आला. अध्यक्षांनी चष्मा काढला, टेबलावरच्या कागदांवर ठेवला. म्हणाले, त्या दिवशी मीही दोन्हींत हात घातला होता. मग पुढचं नाव घ्या म्हणून त्यांनी सरांना खूण केली. चाचींच्या नावापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. तो होकार आहे की नाही, हे मला संध्याकाळी घरी पोचले तरी कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, थांबायचं ठरलंय. आणि म्हणाले, पुढच्या वेळी आधी मला सांगत जा.

दिवाळी झाली. देवदिवाळीच्या गर्दीत आमच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी रोज फोन हातात घेई आणि ठेवून देई. येऊ नको असं सांगितलेल्या घरी फोन करणं म्हणजे जाण्यासारखंच, असं मला वाटत होतं. शेवटी चाचींच्याच मुलाने फोन केला, अम्मा बोलावतेय.

मला वाटलं होतं, ते माझ्यासमोर डेहरी उघडतील. फोनची बॅटरी पूर्ण भरून घेतली होती. पोचले तर सुनेच्या खोलीतली डेहरी रिकामी होती, पिशवी धुऊन दोरीवर उलटी वाळत घातलेली. पेरणी कधीच झाली होती. चाची म्हणाल्या, जमिनीत ओल बरोबर होती, ती तुझ्यासाठी थांबली असती का? मी विचारलं, दाणे कसे निघाले?  त्यांनी चप्पल घातली आणि त्या शेताकडे चालू लागल्या.

शेत घरामागेच होतं. ओळी धरून मटार वर आला होता, बोटभर उंच, दोन दोन पानं उघडलेली. बांधाच्या कडेला कुठे कुठे मोकळं होतं, पण ओळ तुटलेली कुठे दिसत नव्हती. शेजारच्या दुकानी बियाण्याच्या शेतात ओळी शोधाव्या लागत होत्या. मागून जाऊबाई आल्या आणि म्हणाल्या, आता फोटो काढ, आता काही बिघडत नाही. मी बांधावर बसून काढला.

तिथूनच मी सरांना फोन केला, त्यांनी अध्यक्षांना लावून दिला. उगवलंय, एवढंच मी सांगितलं. अध्यक्षांनी दोन्ही शेतांमधला फरक विचारला, तो सांगितला. ते म्हणाले, हप्ता लवकर सोडायला सांगतो, पिशव्या होळीच्या आत पोचल्या पाहिजेत. मग जरा थांबून विचारलं, पुढच्या वर्षी मी एकदा यायचं म्हटलं, तर गटाची हरकत असेल का?

मी फोन कानापासून दूर धरला आणि चाचींना विचारलं. त्या खाली वाकून एका रोपाभोवतीचं गवत उपटत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "भरते बखत आएँ, खाना खा के जाएँ. लीप देने के बाद नहीं."

मी ते तसंच अध्यक्षांना सांगितलं.