रुळाच्या खाचेत सांडलेलं दूध

सायकलवरून दुधाचा रतीब घालण्यात माझी चाळीस वर्षं गेली. कॅरिअरच्या दोन्ही अंगाला दोन-दोन किटल्या, सांगलीच्या अलीकडचं आमचं गाव ते शहरातल्या बारा गल्ल्या, रोज. शाळा मी चौथीत सोडली, सायकल कधी सोडली नाही. आणि सांगायची गोष्ट अशी की चाळीस वर्षांत माझ्या हातून रस्त्यावर दूध सांडलं नाही. चिखल झाला, कुत्री मागं लागली, एकदा रेडा आडवा आला, पण थेंब सांडला नाही. हे मी ज्याला त्याला सांगतो. लेक म्हणते, जरा जास्तच सांगतो.

ते दूध शेवटी सांडलं अमेरिकेत, पोर्टलंड शहरात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. लिहिताना हात जड होतो, पण लिहिणार. ट्राम असलेल्या गावात आपलं कुणी सायकल चालवत असेल तर त्याच्या उपयोगी पडेल.

लेक आणि जावई दोघं तिकडं इंजिनिअर. २००५ साली मी त्यांच्याकडं सहा महिन्यांसाठी गेलो. दिवसभर ते ऑफिसात आणि मी खिडकीत. खिडकीतून काय दिसणार, तर समोरची खिडकी. आठ दिवसांत माझं डोकं फिरलं. जावई नागपूरचे, मला मामाजी म्हणतात, माणूस दिलदार. त्यांनी कुणाच्या तरी गॅरेजमधली जुनी सायकल आणून दिली. लेकीनं त्याच दिवशी अट घातली.

"आबा, एकदा जरी पडलात तरी कुलपाची किल्ली माझ्याकडं. इथं ट्राम आहे, रस्त्यात रूळ आहेत. आणि हेल्मेटशिवाय निघायचं नाही."

"मी पडणार? अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी..."

"माहितीये. रेडा आडवा आला होता."

हेल्मेट मी घातलं, पण टोपीवरून. टोपी काढून मी आजवर घराबाहेर पडलो नाही, तिथं तरी कशाला पडू? जावई म्हणाले, "मामाजी, हे टोटली सेफ नाही." मी पट्टा घट्ट केला आणि निघालो. त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. नदीकाठ झाला, बाग झाली, एका चिनी दुकानात कोथिंबीर स्वस्त मिळते हे मी शोधून काढलं. दुकानदाराला मराठी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं, इंग्रजी दोघांनाही बेताचं, त्यामुळं आमचं छान जमलं. सायकल गेली तर आपण परत खिडकीत, एवढं मला पक्कं माहीत होतं.

ट्राम तिथं रस्त्यातूनच जाते, मोटारींच्याच वाटेनं, उजव्या कडेला. रूळ डांबरात बसवलेले, रस्त्याला सपाट. म्हणजे मला ते सपाट वाटले. वर उचललेला रूळ असता तर मी त्याला मान दिला असता. पायाखालच्या पट्टीला कोण विचारतो?

एका रविवारी लेकीनं वीस माणसं जेवायला बोलावली. बेत बासुंदीचा. त्यासाठी चार गॅलन, म्हणजे पंधराएक लिटर दूध हवं होतं, गॅलनचा एक डबा असे चार डबे.

"मी कारनं घेऊन येतो," जावई म्हणाले.

"चाळीस वर्षं दूध घातलं, पाहुणं, आता दूध आणायला मोटार लागते व्हय?"

मी जाड तारेचे आकडे वाकवून कॅरिअरला आधीच लावून ठेवले होते. दोन डबे या अंगाला, दोन त्या अंगाला. प्लॅस्टिकचे डबे, पण वजन ओळखीचं. दुकानातून निघालो आणि अंगात एकदम तिशीतला जोर आला. बारीक पाऊस भुरभुरत होता. मी रुळाच्या उजव्या अंगानं, उभ्या केलेल्या मोटारींच्या बाजूनं चाललो होतो. मागून ट्रामची घंटा वाजली.

आता नीट वाचा. आपल्याकडं मागून ट्रकनं हॉर्न दिला की हात आपोआप डावीकडं जातात. कड डावीकडं असते, जीव तिकडं वाचतो. चाळीस वर्षं माझे हात हेच शिकलेले. तिथं कड उजवीकडं, हे डोक्याला कळत होतं. हातांना कुणी सांगितलं नव्हतं. घंटा वाजली आणि मी झोकात डावीकडं घेतलं, म्हणजे थेट ट्रामच्या वाटेवर. पुढचं चाक तिरकं रुळावर गेलं, रुळाच्या खाचेत बसलं आणि कुणीतरी हँडल धरून ठेवल्यासारखी सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही.

पडलो तो कोपरावर. हेल्मेट ठण्णकन आपटलं, आत टोपी शाबूत. ट्राम माझ्यामागं दहा-बारा हातांवर उभी राहिली होती. दोन डबे फुटले होते. आणि ते दूध रुळाच्या खाचेत शिरून लांबपर्यंत चाललं होतं, काळ्या ओल्या रस्त्यावर खडूनं रेघ मारावी तसं. तेव्हा मी ती खाच पहिल्यांदा पाहिली. बोटं घालून बघितली, दोन बोटं आरामात बसली. महिनाभर मी तिच्या शेजारून चालवत होतो आणि ती दाखवायला माझंच दूध सांडावं लागलं.

ट्राम चालवणारी बाई खाली उतरली. चांगली उंचपुरी, पन्नाशीची. मी म्हटलं, आता शिव्या. ती म्हणाली, "ओके?" मी म्हटलं, "ओके." कोपरातून रक्त येत होतं, पण ओके. मग तिनं एक हात आडवा धरला, हा रूळ. दुसऱ्या हाताचा पंजा त्यावर तिरका घातला आणि धाडकन पाडला. परत घातला, या वेळी सरळ आडवा छेद देऊन, आणि पंजा पार गेला. दोनदा दाखवलं. मग माझ्याकडं बघत उभी राहिली, मास्तरीण फळ्याजवळ उभी राहते तशी. मी माझे हात तसेच करून दाखवले, तेव्हा ती वर चढली. ट्रामभर माणसं खोळंबली होती, एकानं हूं की चूं केलं नाही.

घरी दोन डबे घेऊन पोचलो.

"आबा, चार सांगितले होते ना?"

"दोनच होते दुकानात," मी म्हणालो.

म्हणालो आणि तोंड कडू झालं. रतीब घालताना मी कधी दुधात पाणी घातलं नाही. शेजारच्या गल्लीतले घालायचे, मी नाही. आणि आता लेकीला हे असलं पाणी घातलेलं देत होतो. बाही खाली ओढली होती ती वर केली आणि सगळं सांगितलं.

तिनं आधी माझं कोपर धुतलं, पट्टी बांधली. मग किल्ली घेतली आणि मसाल्याच्या डब्यात, हळदीच्या वाटीशेजारी ठेवली.

त्या दिवशी बासुंदी एकेक छोटी वाटीच मिळाली. जावई पाहुण्यांना सांगत होते, "उरलेली ट्राम घेऊन गेली जी!" सगळे हसले, मीही हसलो, पण जीव मसाल्याच्या डब्यात होता.

पुढं तीन दिवस मी बिनदुधाचा चहा प्यायलो. लेकीनंही विचारलं नाही, का म्हणून. हट्ट माझाच तिच्यात उतरलाय. मी रोज चालत रुळाशी जाऊन उभा राहायचो आणि बाकीचे सायकलवाले काय करतात ते बघायचो. जाणते लोक आधी मागं बघत, जागा करून घेत, मग चाक वळवून रूळ सरळ आडवा ओलांडत. ओलं असलं तर आणखी हळू, आणि रुळावर ब्रेक नाही.

चौथ्या दिवशी मी म्हणालो, "रूळ कसा ओलांडायचा ते कळलंय मला. बघायला तर चल."

ती आली, पण स्वतःची तयारी करून. फुटके नसलेले दोन डबे पाण्यानं भरून आकड्यांना अडकवले, मोकळ्या पार्किंगमध्ये खडूनं रुळासारख्या दोन रेघा मारल्या आणि पूजेची घंटा घेऊन माझ्यामागं उभी राहिली.

"देवघरातली आणलीस?"

"चालवा."

मी निघालो. मागं घंटा खणखणली आणि माझे हात, बघा, गेलेच डावीकडं.

"मेलात, आबा. पुन्हा."

दुसऱ्यांदा हँडल नुसतं थरथरलं. तिसऱ्यांदा सरळ. तिनं आणखी आठ-दहा वेळा वाजवली, शेवटी तिला हसू आवरेना. पार्किंगमधून जाणारी एक म्हातारी थांबून टाळ्या वाजवून गेली. मग खऱ्या रुळावर गेलो आणि मी तो दहा वेळा ओलांडून दाखवला, पाणी हिंदकळू न देता.

"आणखी एक," लेक म्हणाली. "कोपऱ्यावर ट्राम वळते तिथं रूळही वळतात. तिथं उतरून, हातात सायकल धरून, फूटपाथवरून."

"मी घाटात कधी उतरलो नाही!"

तिनं मूठ उघडली. मुठीत किल्ली होती, थोडी हळद लागलेली.

सहा महिने संपेपर्यंत त्या कोपऱ्यावर मी रोज उतरलो. ती ट्रामवाली बाई कधी समोरून आली तर घंटा वाजवायची, मी हात वर करायचो. शेजारून जाणारी पोरं मान हलवायची, म्हातारा दमला बिचारा. वाटू दे त्यांना. किल्ली माझ्या खिशात होती.